मॉरिशसचा पाहुणा, अणदूरचा देव आणि यादीतून गेलेलं एक नाव

गेल्या महिन्यात नातीनं मला हा ब्लॉग सुरू करून दिला आणि पहिल्याच लेखाखाली कुणीतरी विचारलं, "आजी, धाराशिवहून तुळजापूर, अणदूर, नळदुर्ग असं तीन दिवसांत होतं का?" होतं की. आता तर एका दिवसातही होतं, गाडी असली आणि घाई असली तर. मी ही फेरी पहिल्यांदा केली तेव्हा धाराशिवला उस्मानाबाद म्हणत. जिल्हा नव्या महाराष्ट्रात येऊन दोन-चार वर्षं झाली होती आणि मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होऊन एक. तेव्हा ती फेरी कशी झाली तेच सांगते. मधेमधे आजच्या प्रवाशाला उपयोगी पडेल असंही काही सांगेन, पण माझा भरवसा धरू नका, मी विषय सोडून जाते.

सगळं सुरू झालं एका पोस्टकार्डावरून. माझा थोरला भाऊ वसंता पुण्याला शिकत होता. त्याच्या खोलीत विष्णूभाऊ नावाचे एक पाहुणे राहायला आले होते, मॉरिशसचे शिक्षक, वर्षभराच्या शिक्षणासाठी आलेले. त्यांचे पणजोबा उसाच्या मळ्यांत राबायला आगबोटीतून त्या बेटावर गेले ते परत आलेच नाहीत. पण घरात मराठी टिकली आणि देव्हाऱ्यात तुळजाभवानीचा टाक टिकला. विष्णूभाऊंच्या आईनं देवीला ओटी बोलली होती. आई आता राहिली नव्हती, तेव्हा ती ओटी भरायला लेक येणार होता. वसंतानं शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "माणूस लाख आहे. फक्त त्याला त्याच्या पक्षाबद्दल विचारू नका. थांबत नाही."

आण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच वर्षी तहसील कचेरीतून निवृत्त झाले होते. निजामाच्या राज्यात उर्दूतून कारकुनी केलेली आणि विलीनीकरणानंतर मराठीतून. घरात बसून कंटाळले होते, त्यांना हा पाहुणा म्हणजे पर्वणीच वाटली. तुळजापूर तर दाखवूच, म्हणाले, पण पौष आहे, अणदूरजवळ सोनाच्या शेतात हुरडा खाऊ घालू. सोना म्हणजे आण्णांची धाकटी बहीण, माझी आत्या.

हे ऐकून आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "तू बरोबर जा. आणि तिथं निवडणुकीचं नाव निघू देऊ नकोस."

मला कारण अर्धंच ठाऊक होतं. देशातल्या पहिल्या निवडणुकीसाठी गावोगाव मतदारयाद्या झाल्या तेव्हा त्या भागातली यादी आण्णांनीच केली होती. आणि त्या यादीत आत्याचं नाव नव्हतं. नंतरच्या खेपेला यादीवाले आले तेव्हा आत्यानं त्यांना नाव सांगितलंच नाही. "माझ्या भावानं लिवलंय तसं ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाली. आत्यानं जन्मात कधी मत दिलं नव्हतं. भाऊबीजेला ओवाळायची, आग्रह करकरून वाढायची, पण निवडणुकीचा विषय निघाला की उठून गोठ्यात जायची. निवृत्त झाल्यापासून आण्णांना हे फार टोचायला लागलं होतं. बहिणीला एकदा मत देताना बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तिला तसं म्हणायची मात्र त्यांची छाती होत नव्हती. अशा घरी आम्ही असा पाहुणा घेऊन निघालो होतो ज्याला दुसरा विषयच येत नव्हता.

पहिला दिवस: तुळजापूर

सकाळी लाल गाडीनं निघालो. तिकीट किती होतं ते मला आठवत नाही, आणि आठवतं म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांवर तुम्हीही विश्वास ठेवू नका. रस्ता खडीचा होता. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याइतकी उभी, मधेमधे करडईची पिवळी फुलं. आता रुंद गुळगुळीत रस्ता झालाय, डोळा लागेपर्यंत तुळजापूर येतं. थंडीत जाणार असाल तर स्वेटर घ्या, सकाळचं वारं अजून तसंच बोचरं आहे.

विष्णूभाऊ बुटके, सावळे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट आणि हातात कापडी पिशवी. मराठी शाळेच्या पुस्तकातून उतरवून घेतल्यासारखं बोलायचे. "ही कोणती वनस्पती आहे?" असं त्यांनी करडईकडे बोट दाखवून विचारलं तेव्हा समोरच्या सीटवरची बाई पदर तोंडाला लावून हसली. पिशवीत ओटीचं सामान होतं आणि एक जाडजूड वही. आपल्या गावातल्या पक्षाच्या शाखेचा इतिहास ते त्या वहीत लिहीत होते.

आण्णांनी नको तेच विचारलं. "कसला पक्ष तुमचा?"

"मजुरांचा," विष्णूभाऊ म्हणाले, आणि मग वसंतानं लिहिलं होतं तसंच झालं.

मला जे आठवतं ते लिहिते, परीक्षेत लिहायला जाऊ नका. त्यांच्या बेटावर मळे मूठभर मालकांचे आणि मतही त्यांचंच. मजुरांनी एक पक्ष काढला. सभांना मैदान पुरायचं नाही, पण सभेला आलेल्यांपैकी मत कुणालाच नाही. "मत नसलेल्या लोकांचा पक्ष," विष्णूभाऊ म्हणाले आणि स्वतःच हसले. पुढे कायदा बदलला. जो आपल्या भाषेत चार साधी वाक्यं लिहू-वाचू शकेल आणि सही करू शकेल त्याला मत, बाईलासुद्धा.

"मग तुम्ही काय केलंत?"

"भाषणे कमी केली आणि पाट्या वाटल्या."

मळ्यावरून आलं की दिवेलागणीला झाडाखाली शाळा भरायची. पक्षातले, पक्षाबाहेरचे, ज्याला अक्षर येई तो शिकवायचा. विष्णूभाऊ तेव्हा नुकते मास्तर झालेले. त्यांच्या वर्गात त्यांची आई होती. उसाच्या पातीनं तिची बोटं चिरलेली असायची, पेन्सिल धरवेना. म्हणून ताटात चुलीतली राख पसरायची आणि बोटानं लिहायचं.

"आईला साहेबासमोर बसवले. साहेबाने विचारले, नाव? आईने मोठ्याने सांगितले, सुभद्रा. मग लिहून दाखवले."

आण्णा इतका वेळ माना डोलावत होते, ते थांबले. "सांगितलं? परक्या माणसाला? चारचौघांत?"

"नाही सांगितले तर मत कसे मिळणार?" विष्णूभाऊंना प्रश्नच कळला नाही.

आण्णा खिडकीकडे वळले आणि तुळजापूर येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

तुळजापुरात आम्ही आमच्या पुजाऱ्यांच्याच घरी उतरायचो, सगळेच तसं करायचे. गोमुखाच्या पाण्यात हातपाय धुऊन पायऱ्या उतरलो. कुंकवाचे ढीग, कवड्यांच्या माळा, परड्या, सगळं आहे तसंच आहे, गर्दी तेवढी वाढली. मंगळवार-शुक्रवार टाळलात तर बरं. ओटी मी भरावी असं ठरलं, कारण घरची बाई मीच. विष्णूभाऊंनी पिशवीतून हिरवा खण काढला. आईनं तो बेटावर घेऊन ठेवला होता, घड्यांवर पिवळट झाला होता.

"कुणाच्या नावानं?" पुजारीबुवांनी विचारलं.

विष्णूभाऊंना वाटलं असावं की देवी जरा लांब आहे. एवढ्या मोठ्यानं "सुभद्रा!" म्हणाले की मागच्या रांगेतल्या बायका वाकून बघायला लागल्या. आणि मग तो पस्तिशीचा, कोट घातलेला मास्तर तिथंच हुंदके देऊन रडायला लागला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आण्णांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बाहेर येईपर्यंत काढला नाही.

दुपारी पुजाऱ्यांकडे पुरणपोळी होती. जेवताना विष्णूभाऊंनी सांगितलं की नाव लिहायला आल्यावर आईला दुसरं काही सुचेना. पिठाच्या डब्यावर सुभद्रा, न्हाणीच्या भिंतीवर सुभद्रा, कोंबड्यांच्या खुराड्यावरसुद्धा सुभद्रा. वडील म्हणायचे, आता माझ्या पाठीवर तेवढं लिहायचं राहिलं. सगळे हसले. आण्णाही हसले, पण पानातली पोळी त्यांनी तशीच ठेवली.

दुसरा दिवस: अणदूर

तुळजापूरहून नळदुर्ग, आणि पुढे हैदराबादच्या रस्त्याला लागून अणदूर. वाटेत मी विष्णूभाऊंना बजावलं, "आत्याकडे निवडणुकीचं बोलायचं नाही हं." त्यांनी वही पिशवीत घातली, पिशवीचे बंद बांधले आणि गंभीरपणे म्हणाले, "वचन देतो."

अणदूरला आधी खंडोबाच्या देवळात गेलो. देऊळ सुरेख, आवारात ऊन पडलेलं, पण सगळं सामसूम. एक आजोबा ओट्यावर घोंगडी पांघरून ऊन खात बसले होते.

"दर्शन घ्यायचंय," आण्णा म्हणाले.

"कुनाचं? देव न्हाईत."

"म्हणजे?"

"देव नळदुर्गाला गेल्यात न्हवं. तुमी तिकडूनच आला जणू?"

तुम्ही जाणार असाल तर हे नीट लक्षात ठेवा. खंडोबाची देवळं दोन, मूर्ती एक. वर्षातले बहुतेक महिने देव अणदूरला असतात आणि थंडीतले दीड-दोन महिने नळदुर्गाला. नेताना आणि आणताना दोन्ही गावची माणसं बसून लेखी करार करतात, देव कधी नेले, कधी परत येणार. जन्मभर त्या तालुक्यात कारकुनी केलेल्या आण्णांना हे ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. पण त्या दिवशी त्यांचं लक्ष कुठं ठिकाणावर होतं! विष्णूभाऊंना मात्र हे फार आवडलं. "देवाचासुद्धा करार!" असं तीनदा म्हणून त्यांनी बंद सोडले, वही काढली आणि लिहून घेतलं.

तिथून आत्याच्या वाडीला पायवाटेनं जायला अर्धा-पाऊण तास. आत्या बांधावरच उभी होती. उंच, काटक, नऊवारीचा काष्टा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, आगटी पेटवून बसले होते. सासरे वारून बरीच वर्षं झाली होती, म्हणून आता शेतात आणि घरात आत्याचंच चालायचं.

"या पावनं. लई लांबनं आलाव. समुद्र पार करून हुरडा खायला कुनी येतंय व्हय?"

हुरड्याबद्दल दोन शब्द. गोवऱ्यांच्या आरावर कोवळी कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारून फोलपटं उडवायची. बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हल्ली पाटी लावून हुरडा पार्ट्या होतात, प्लेटमध्ये चमचा देतात. चमच्यानं हुरडा खाऊ नये, एवढंच म्हणते. आत्या चोळून चोळून पाहुण्यांच्या हातावर घालत होती आणि विष्णूभाऊ "पुरे" म्हणायचं विसरले होते.

वचन दुसऱ्या मुठीपर्यंत टिकलं.

"ताई," ते अगदी प्रेमानं म्हणाले, "आमच्या आईला मतासाठी परीक्षा द्यावी लागली. तुम्हाला तर ते आपोआप मिळाले. पहिल्यांदा मत दिलेत तेव्हा कसे वाटले?"

मामा आगटीतली राख उकरायला लागले. मला वाटलं, आत्या आता गोठ्याकडं जाणार. पण पाहुण्याच्या हातावर अर्धवट चोळलेलं कणीस तसंच टाकून जाणं काही तिच्यानं झालं नाही. ती चोळत राहिली.

"म्या कुठलं दिलंय," ती म्हणाली. "यादीत नावच न्हाय."

"का नाही?"

"लिवणाऱ्याला इचारा." तिनं आण्णांकडं पाहिलं नाही. "मामंजी वट्ट्यावर बसल्याले. लिवणारा खाली घोंगडीवर, रजिस्टर घिऊन. मामंजी म्हणले, लिवा, थोरल्याची बायको. धाकट्याची बायको. म्हातारी. लिवणाऱ्यानं तसंच लिवलं. म्या दाराआड उभी व्हते. म्हणलं, बाकीच्या बायांची नावं त्येला ठावं न्हाईत. पर माझं तर ठावं हाय. माझा भाऊच हाय की त्यो."

आण्णांच्या हातातला हुरडा तसाच राहिला होता. "सासऱ्यासमोर सुनेचं नाव मी कसं काढायचं? तुलाच बोल लागला असता. आणि तुझ्या एकट्या घरचं नाही, घरोघर तसंच. बाया बोलायच्या नाहीत, पुरुष सांगायचे नाहीत. अमक्याची आई, तमक्याची बायको. पानंच्या पानं तशी भरली. मग वरून हुकूम आला, जिथं नाव नाही ती नोंद काढून टाका."

"मग तवा तरी लिवायचं."

"लाल रेघा मीच मारल्या, सोना. तुझ्या ओळीवर आलो तेव्हा टाक घेऊन बसून राहिलो. मला नाव माहीत होतं, लिहिता आलं असतं. पण वाटलं, गावातल्या एवढ्या बाया चालल्या आणि माझी बहीण तेवढी राहिली, तर लोक काय म्हणतील? कारकुनानं घरचं माणूस वाचवलं म्हणतील. आपली नोकरी साफ, बिलकूल डाग नाही, याचा मला फार..."

आण्णांना मी जन्मात कधी अपराधी चेहऱ्यानं पाहिलं नव्हतं. त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली, दोन्ही एकदम. असा सरळ माणूस सरळपणाच्या हट्टापायी केवढं वाकडं करून बसला होता.

आत्यानं फोलपटं फुंकली. "देव अणदुराहून नळदुर्गाला जायाचा, दोन कोस न्हाय भरत, तर लिवून ठिवत्यात. दरसाल. आन बाईचं नाव लिवायला हात दुखतुया."

विष्णूभाऊंना आता सगळं उमगलं होतं. त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं आणि पेन्सिल आण्णांपुढं धरली. आण्णांनी ती घेतली.

"लिवू नका," आत्या म्हणाली. "आदी म्हणा."

"सोना," आण्णा म्हणाले.

"ते माहेरचं. यादीत सासरचं लागतंय."

मला वाटलं, अडले. सासरी आत्याला सगळे महादूची आई म्हणत, मामा तर "अगं ए" याच्यापुढं कधी गेले नव्हते. मला स्वतःला तिचं सासरचं नाव ठाऊक नव्हतं, आणि हे मला त्या क्षणी पहिल्यांदाच कळलं.

"भागीरथी," आण्णा म्हणाले. जरा थांबून आणखी मोठ्यानं म्हणाले, "भागीरथी. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलं होतं. तुला अक्षर येत नव्हतं. तू मला हळूच विचारलंस, आण्णा, काय लिवलंय? मीच वाचून दाखवलं."

आत्याचे हात थांबले. "व्हय," ती म्हणाली, "तुमीच वाचलं व्हतं." मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "धूर लई झालाय ह्या आगटीचा."

मामा आपल्याशीच म्हणाले, "भागीरथी. हां, बराबर हाय. म्या बी इसरलो व्हतो."

"तुमी कवा ध्यानात ठिवलं व्हतं?" आत्या उठली आणि गोठ्याकडं गेली. आम्ही सगळे खाली मान घालून बसलो. थोड्या वेळानं ती दह्याचं गाडगं घेऊन आली, सगळ्यांच्या पानात दही वाढलं आणि सर्वांत शेवटी आण्णांच्या.

"त्ये फारम," ती म्हणाली, "कुठं मिळतंय?"

तिसरा दिवस: नळदुर्ग

देव गावाला गेलेत तर आपण तिकडं जाऊ, असं म्हणून आत्या आमच्याबरोबर नळदुर्गाला निघाली. मामांनी बैलगाडी जुंपली. खंडोबाचं दर्शन घेतलं, भंडारा लावला. मग किल्ला पाहिला. किल्ल्याच्या बंधाऱ्यात मधोमध पाणीमहाल आहे, पावसाळ्यात त्याच्यावरून धबधबे पडतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी कमीच होतं. तुम्ही श्रावणाच्या आसपास जा. किल्ला चढायचा फारसा नाही पण फिरायचा खूप आहे, पाणी आणि भाकरी बरोबर ठेवा.

आत्यानं आणलेली भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही बंधाऱ्यावर बसून खाल्ली. विष्णूभाऊ त्या दिवशी फार शांत होते. मी कारण विचारलं.

"आमचे बेट लवकरच स्वतंत्र होईल," ते म्हणाले. "पण पक्षात आता कोण कोणत्या जातीचा, कोण कोणत्या भाषेचा, यावरून भांडणे चालू आहेत. ज्यांनी एका झाडाखाली बसून अक्षरे गिरवली ते एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. एक-दोन वेळा माझ्याकडूनही चुकीचे बोलले गेले. शाखेतले म्हणतात, इतिहासात चांगले तेवढेच लिही. ते बाकीचे लिहू की नको, कळत नाही."

प्रश्न मला होता, उत्तर आत्यानं दिलं. "लिवा. तुमचं चुकल्यालं बी लिवा. गाळल्यालं मागनं हुडकायला लई वर्सं लागत्यात, भाऊ."

आण्णा भाकरीचा तुकडा मोडत होते. आत्यानं त्यांच्या भाकरीवर आणखी चटणी घातली.

परतीच्या वाटेवर तुळजापूरला उतरून आण्णा कचेरीत गेले. अनेक वर्षं ज्या खिडकीच्या आत बसले तिच्या बाहेर, सगळ्यांच्या मागं रांगेत उभे राहिले. आतल्या पोरसवदा कारकुनानं ओळखून "आण्णासाहेब, आत या" म्हटलं, तर म्हणाले, "नाही. माझा नंबर येऊ दे." तिथंच उभ्याउभ्या त्यांनी अर्ज भरला. अक्षर त्यांचं मुळातच मोत्यासारखं, पण नावाची ती ओळ त्यांनी इतकी सावकाश लिहिली की मागचा माणूस खाकरला. फॉर्म नळदुर्गालाच मिळाला होता, आत्याचा अंगठा त्यावर त्यांनी तिथंच घेऊन ठेवला होता.

घरी

घरी आल्यावर आईनं मला दारातच विचारलं, "निघाला का विषय?" मी म्हटलं, "निघाला." ती कपाळाला हात लावून बसली. मग मी सगळं सांगितलं तेव्हा बराच वेळ चुलीपुढं काहीच न करता बसून राहिली.

विष्णूभाऊ पुण्याला गेले, पुढं बेटावर परतले. दोन-तीन वर्षांनी टपालानं त्यांचं पुस्तक आलं, हलक्या कागदावर छापलेलं, चाळीसेक पानांचं. झाडाखालची शाळा त्यात होती, भांडणंही होती, आणि एका पानावर "येथे माझी चूक झाली" असं साध्या मराठीत लिहिलं होतं. आण्णांनी ते पान उघडून माझ्यापुढं धरलं होतं. ते पुस्तक आजही माझ्याकडं आहे. पुढं त्यांचा देश स्वतंत्र झाला. त्या पक्षाचं नंतर काय काय झालं ते मला ठाऊक नाही, आमचा पत्रव्यवहार थांबला. पण पुढाऱ्यांचा एकही फोटो नसलेला आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा उल्लेख असलेला पक्षाचा इतिहास मी दुसरा पाहिलेला नाही.

त्या फेरीनंतरच्या निवडणुकीला आण्णा म्हणाले, "चल, अणदूरकडं जाऊन येऊ." मी रजा टाकली. वाडीच्या शाळेत मतदान होतं, बायांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. आण्णांचं मत उस्मानाबादला, म्हणून ते कुंपणाबाहेर लिंबाखाली उभे राहिले. आत्या नवं लुगडं नेसून आली होती. तिची पाळी आली. आतल्या कारकुनानं यादीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं आडनावासकट नाव पुकारलं, "भागीरथी..."

पुरुषांच्या रांगेत कुणीतरी विचारलं, "ही कोन भागीरथी?"

"आमची हाय," मामा म्हणाले.

आत्या बाहेर आली, बोटावरची शाई वाळावी म्हणून हात जरा लांब धरून. ती आधी मामांकडं गेली नाही, माझ्याकडंही नाही. लिंबाखाली आली आणि ते बोट आण्णांपुढं धरलं. मग आत्या म्हणाली, "जेवून जावा," आणि आम्ही जेवून निघालो.

परतीच्या गाडीत आण्णा सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होते. घरी पोचलो तेव्हा आई दारात उभी होती. तिला धीर नव्हता.

"वन्संनी मत दिलं का हो?"

आण्णांनी टोपी काढून खुंटीला अडकवली.

"भागीरथीनं दिलं," ते म्हणाले.